पहिली इंटर्नशिप आणि घरातली अहिराणी

प्रश्न : मी दोंडाईचाची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील मार्केट यार्डात आडत दुकानावर दिवाणजी आहेत. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका जाहिरात एजन्सीत मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. 'आम्ही मल्टिकल्चरल मार्केटिंग करतो,' असं त्यांनी सांगितलं. मुलाखतीत कोणकोणत्या भाषा येतात असं विचारलं, तेव्हा मी मराठी, हिंदी आणि बऱ्यापैकी इंग्रजी एवढंच सांगितलं. घरी आम्ही अहिराणीच बोलतो, पण ते सांगायची हिंमत झाली नाही. हे मल्टिकल्चरल मार्केटिंग म्हणजे नेमकं काय असतं? माझ्यासारख्या नवख्या मुलीला तिथे काय काम देतात? अहिराणीचा काही उपयोग होईल, की ती घरीच ठेवून जावी? पैशांचं कसं असतं? आणि जायच्या आधी काय तयारी करू?
— एक विद्यार्थिनी, दोंडाईचा (जि. धुळे)

उत्तर : मुलाखतीत जी भाषा तू सांगितली नाहीस, तीच त्या लोकांच्या सगळ्यात कामाची होती. तेव्हा पहिलं काम हे कर : त्यांना दोन ओळींचा ईमेल पाठव आणि माझी घरची भाषा अहिराणी आहे, ती मला बोलता येते, समजते, असं कळव. आता तुझे प्रश्न एकेक करून घेऊ.

मल्टिकल्चरल मार्केटिंग म्हणजे काय?

एकच वस्तू वेगवेगळ्या लोकसमूहांना विकायची असते, पण प्रत्येक समूहाची ती घेण्याची कारणं, वेळ आणि रीत वेगळी असते. ते वेगळेपण ओळखून जाहिरात मुळापासून वेगळी करायची, हे या धंद्याचं सूत्र. तयार जाहिरातीचं भाषांतर करून देणं हा त्याचा एक लहानसा भाग आहे.

हे नाव अमेरिकेतून आलं. तिथे कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणारे, आशियाई असे मोठे समाज होते आणि बहुतेक जाहिराती गोऱ्या मध्यमवर्गीय घराला समोर ठेवून होत. तुझ्यासारख्या नवशिक्या मुलीनं तिथल्या एका माणसाचा प्रवास जरूर पाहावा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉम बरेल नावाचा कृष्णवर्णीय तरुण शिकागोतल्या वेड ॲडव्हर्टायझिंग या एजन्सीत लागला तो टपाल वाटायच्या कामावर. तिथूनच तो जाहिराती लिहायला लागला आणि १९७१ मध्ये त्यानं स्वतःची एजन्सी काढली. मॅकडोनाल्ड्स आणि कोका-कोला यांच्यासारखे ग्राहक त्याच्याकडे आले. तो कंपन्यांना सांगायचा ते साधं होतं : गोऱ्या कुटुंबासाठी रचलेल्या प्रसंगात माणसं तेवढी बदललीत, तर आमचा समाज त्यात स्वतःला ओळखणार नाही. आमचं घर, आमचा सण, आमच्यातला बाप-लेकाचा संवाद इथून सुरुवात करा.

आपल्याकडे हे नाव नवं असलं तरी गरज जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ मध्ये निघालं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मुंबईत गिरगावात १९०५ मध्ये बी. दत्ताराम आणि कंपनी सुरू झाली. देशातल्या सगळ्यात जुन्या जाहिरात संस्थांत तिचं नाव घेतलं जातं. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १९७६ मध्ये दूरदर्शनवर. माध्यमं वाढली तशा भाषाही वाढल्या. पण विचार बहुधा इंग्रजीत व्हायचा, जाहिरात हिंदीत बनायची आणि मग मराठी, गुजराती, तमिळ अशा 'आवृत्त्या' काढल्या जायच्या. जयपूरच्या मोठ्या कुटुंबात वाढलेले पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्व्ही या जाहिरात एजन्सीत आले, तेव्हा या क्षेत्रात इंग्रजीचाच वरचष्मा होता. त्यांनी घरातली, गल्लीतली, सुताराच्या कामावरची हिंदी जाहिरातीत आणली आणि देशभर ती लोकांच्या तोंडी बसली. २०२५ मध्ये ते गेले. तुझ्या पिढीनं त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की घरची बोली कचेरीबाहेर ठेवून येण्याची वस्तू नाही.

या कामाचा एक नमुना सांगतो. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉय साबणाचं काम ओगिल्व्हीकडे होतं. मेळ्यात फलकांची इतकी गर्दी असते की आणखी एक फलक कोण वाचणार? त्यांनी तिथल्या भोजनालयांत भाजल्या जाणाऱ्या सुमारे २५ लाख पोळ्यांवर, साबणानं हात धुतलेत का, असा हिंदी प्रश्न उमटवला. शाई वापरली नव्हती. गरम पोळीवर तापलेला छाप दाबला जाई. पोळी मोडायच्या क्षणी माणसाच्या हाताकडे त्याचं स्वतःचं लक्ष जातं. माणूस कुठे बसून, कशाच्या बरोबर, कोणत्या क्षणी ते वाचणार आहे, हे कुणीतरी नीट पाहिलं होतं. नाशिकलाही सिंहस्थ कुंभमेळा भरतो. तुझ्या एजन्सीतही अशा चर्चा होतील, तेव्हा हे उदाहरण ध्यानात असू दे.

हे आमच्या गावाला कसं लागू पडतं?

हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण बाकीच्या सगळ्या उत्तरांची किल्ली इथे आहे. म्हणून जरा थांबून सांगतो.

समज, एका सराफी पेढीची जाहिरात करायची आहे आणि निमित्त आहे अक्षय्य तृतीयेचं. ब्रीफमध्ये, म्हणजे एजन्सीला मिळालेल्या कामाच्या टिपणात, लिहिलेलं असतं : साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सोनेखरेदी. मुंबई-पुण्यात हे चालून जातं. केरळातही चालतं. पण ओडिशात त्याच दिवशी शेतकरी मूठभर बी पेरून पेरणीचा मुहूर्त करतो आणि पुरीत जगन्नाथाच्या रथांचं बांधकाम सुरू होतं. राजस्थानात आखातीजेला लग्नांची धांदल असते. जैन घरांत वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसानं सुटतं. सोलापूरपासून सीमेपलीकडच्या कर्नाटकापर्यंत लिंगायत समाज बसवजयंती साजरी करतो.

आणि आपल्याकडे असते आखाजी. ती कशी असते हे तुला सांगायला नको, पण पुण्यातल्या त्या टेबलावर तुलाच ते सांगावं लागणार आहे. सासुरवाशीण लेक आखाजीला माहेरी येते. भाऊ मुराळी होऊन तिला घ्यायला जातो. निंबाच्या झाडाला झोके बांधतात, पोरी गौराईची गाणी म्हणतात. सकाळी पितरांच्या नावानं घागर भरली जाते, तिच्यावर डांगर ठेवतात आणि आगारी टाकल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. ताटात पुरणपोळी, आमरस, सांजोरी, कुरडई. माणसं पत्त्यांचे डाव मांडून बसतात. वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचं जुनं साल त्याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं.

आता पेढीच्या जाहिरातीकडे पाहा. तरुण नवरा बायकोच्या गळ्यात हार घालतोय, असं चित्र पुण्याच्या चौकात शोभेल. दोंडाईचाच्या एस.टी. स्टँडवर आखाजीच्या आठवड्यात ते लावलं, तर ती बाई त्या दिवशी नवऱ्याच्या घरी नसतेच! ती बापाच्या दारात उतरलेली असते. देणारा बदलला, घेणारी कोणत्या नात्यानं घेते ते बदललं, देण्याची रक्कम बदलली. जिथे सालदारांचे हिशेब त्याच दिवसांत चुकते होतात, तिथे घरात पैसा कधी मोकळा असतो आणि कधी अडकलेला, हेही बदललं. सकाळ पितरांची असल्यामुळे जल्लोषाची जाहिरात सकाळच्या पानावर घालायची की संध्याकाळी मोबाइलवर पाठवायची, हाही प्रश्न उभा राहतो. यातली एकही गोष्ट शब्दकोशात सापडणार नाही. ती तुझ्या आजीच्या ओसरीवर सापडते. मल्टिकल्चरल मार्केटिंग म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट नकाशाची. कंपन्या सहसा राज्यवार विचार करतात : महाराष्ट्राला मराठी जाहिरात, गुजरातला गुजराती. पण तुझं गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. त्या रुळांवरून किती घरं सुरतेला गेली, हे तुमच्या आळीतच मोजता येईल. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खान्देशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती, घरात अहिराणी आणि आखाजीला गावाकडे. अशा घराला गुजराती जाहिरात अर्धी पोचते आणि पुण्याची मराठी जाहिरात पोचतच नाही. नाशिकच्या सातपूर-सिडकोत, कल्याण-उल्हासनगरकडे तीच कथा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई देवी बसते, भाऊबंद गोळा होतात, रोट होतात, सोमवारी मिरवणुकीनं विसर्जन होतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही नाशिकची वस्ती दिसते. आतून ती धुळे-जळगावची असते.

२०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली नोंदले गेलेले १८ लाख ६० हजारांवर लोक आहेत आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा अहिराणीचा आहे. घरी अहिराणी बोलून कागदावर 'मराठी' लिहिणारे तुझ्यासारखे किती असतील, ते वेगळंच. कंपनी कागदावरचा आकडा पाहून पैसे लावते. म्हणून अशी बाजारपेठ आहे हे सांगणारं माणूस त्या खोलीत असावं लागतं.

मला काय काम देतील?

पहिले काही आठवडे खालचं काम असेल, आणि ते मन लावून करण्यासारखं असतं.

एक म्हणजे ऐकून उतरवून काढणं. ग्राहकांशी झालेल्या गप्पांची रेकॉर्डिंग तुला देतील आणि ती जशीच्या तशी लिहून काढायला सांगतील. हे कंटाळवाणं वाटेल, पण धंदा शिकण्याची सगळ्यात चांगली जागा तीच. 'परवडत नाही' असं म्हणणारी बाई पुढच्याच वाक्यात शेजारणीनं काय घेतलं ते सांगते. ती दोन वाक्यं शेजारी ठेवली की खरं कारण कळतं. उतरवताना वाक्य सुधारू नकोस, गाळलेला शब्द भरू नकोस.

दुसरं, सणांचं आणि हंगामांचं कॅलेंडर. कोणत्या जिल्ह्यात कोणता सण, कोणती यात्रा, कोणत्या पिकाचा पैसा कधी हातात येतो, याचा तक्ता एजन्सीला सतत लागतो. इथे तू अनुभवी लोकांच्याही पुढे असशील. मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात तेव्हा दोंडाईचा-नंदुरबारकडे मजुरांच्या हाती रोजचा पैसा असतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पंजाब-राजस्थानपर्यंतचे व्यापारी येतात. हे तुला माहीत आहे, तक्त्यात कदाचित नसेल.

तिसरं, मराठी आवृत्ती तपासणं. तीस सेकंदांच्या जाहिरातीत साठ-सत्तर शब्द मावतात. हिंदीतलं वाक्य मराठीत लांबलं की ओठांची हालचाल आणि आवाज जुळत नाही. मग घाईत कुणीतरी हिंदी वळणाचं मराठी लिहून मोकळं होतं. अशा वेळी 'हे चुकलंय' एवढंच म्हणू नकोस. तेवढ्याच लांबीचं दुसरं वाक्य लिहून दे. डिझाइन झालेल्या पानावर अक्षरंही बघ. संगणकात अर्धा र नीट उमटला नाही तर 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि डोंगराच्या चित्राखाली समुद्र येतो. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी जाहिरातीत शिरतात. राज्य सरकारनं शासननिर्णयानं मराठीसाठीचे अक्षरांचे आकार ठरवून दिले आहेत. चालू निर्णय उतरवून जवळ ठेव, वाद घालावा लागणार नाही.

चौथं काम असेल रील आणि पोस्टच्या मजकुराचं. खान्देशात अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ करणारे कलाकार आता लाखोंच्या प्रेक्षकवर्गाचे धनी आहेत आणि कंपन्या त्यांच्याकडे येत आहेत. इथे नियम पाठ असू दे : पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली पोस्ट ही जाहिरात आहे, असं तिच्यावर ठळक लिहावं लागतं. जाहिरातक्षेत्राची स्वयंनियमन संस्था 'ॲस्की' १९८५ पासून आहे. तिची इन्फ्लुएन्सर्ससाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची तत्त्वं २०२२ ची. दोन्ही मोफत वाचता येतात. आपल्या भागातला प्रेक्षक ओळखीच्या चेहऱ्यावर चटकन विश्वास टाकतो. त्या विश्वासाची राखण करणं हे तुझंही काम आहे.

अहिराणी न्यावी की घरी ठेवावी?

न्यावी. पण दोन गोष्टी समजून न्यावी.

एक, तू सगळ्या खान्देशाची प्रतिनिधी नाहीस. पूर्वेकडे यावल-रावेरच्या पट्ट्यात लेवा गणबोली आहे. कवयित्री बहिणाबाईंची भाषा ती. तापीच्या खोऱ्यात गुजर समाजाची गुजरी आहे. सातपुड्यात भिली आहे, पावरी आहे. शहरांत उर्दू आणि दखनी वळणाची हिंदी बोलणारी घरं आहेत. दोंडाईचाच्या बाजारातच या सगळ्यांचा आवाज तुझ्या कानांवरून रोज जातो. कानाला सवय असणं वेगळं आणि त्या घराचं आतलं माहीत असणं वेगळं. एजन्सीत कुणी विचारलं की 'आदिवासी बायका हे घेतील का?', तर 'माहीत नाही, पण कुणाला विचारायचं ते मला ठाऊक आहे' हे उत्तर सगळ्यात मोलाचं. अंदाजानं दिलेल्या उत्तरावर लाखो रुपयांचं काम उभं राहतं आणि त्याची किंमत ज्यांच्याबद्दल अंदाज केला त्यांना मोजावी लागते. ज्यांना विचारणं जमत नाही, ते लोक इतरांच्या समजुतींवर जाहिराती करत राहतात.

दुसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पडद्यावर आपल्या बोलीला आजवर बहुतेक वेळा हसवण्याचं काम मिळालं. गावंढळ पात्र हवं, भांडखोर म्हातारी हवी, की बोली आठवते. विनोदाला माझा विरोध नाही. अहिराणीत विनोद भरपूर आहे आणि तो आपला आहे. पण बँकेचं खातं, पीकविमा, बाळाच्या लसीचं वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची सूचना या गंभीर गोष्टी सांगायची वेळ आली की कचेरीतली माणसं म्हणतात, 'इथे प्रमाण भाषाच हवी, बोलीत वजन येत नाही.' बापाच्या आजारपणाची, लेकीच्या लग्नाची, जमिनीच्या वाटणीची बोलणी ज्या भाषेत होतात, तिला वजन नाही असं कसं म्हणता येईल?

'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. ज्यांनी आयुष्यात खान्देश पाहिला नाही, ते लोकही त्यावर नाचले. बोली लोकांपर्यंत पोचते की नाही, हा प्रश्न त्या गाण्यानं निकालात काढला. पुढचा प्रश्न तुझ्या पिढीचा आहे : नाचण्यापलीकडच्या कामांसाठी ती भाषा वापरायचा आग्रह कोण धरणार? इंटर्न म्हणून तुला निर्णयाचा अधिकार नसेल. पण बैठकीत जेव्हा कुणी 'इथे एखादं खान्देशी कॅरेक्टर टाकू, मजा येईल' असं म्हणेल, तेव्हा 'ते पात्र डॉक्टर असेल तर?' एवढं विचारायचा अधिकार तुला नक्की आहे. तो वापर.

शंका बोलून दाखवण्याची रीतही शिकून घे. 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य खरं असलं तरी त्यावर कुणाला काही करता येत नाही. 'शिंदखेडा तालुक्यातल्या चार घरांत मी विचारलं. आखाजीला देणं-घेणं बापाकडून लेकीला होतं, म्हणून चित्रात नवऱ्याऐवजी भाऊ किंवा वडील घेऊन पाहू या का?' असं म्हटलं की त्यात माहिती, कारण आणि पर्याय या तिन्ही गोष्टी आल्या. वरिष्ठांना त्यावर लगेच काम करता येतं, आणि नकार दिलाच तर तोही कारणासह द्यावा लागतो.

पैशांचं काय, आणि काय सांभाळावं?

इंटर्नशिपसाठी तू पैसे भरायचे नाहीत. नोंदणी, प्रशिक्षण, डिपॉझिट अशा कोणत्याही नावानं पैसे मागितले तर तिथूनच मागे फिर. विद्यावेतन किती, कामाचे तास किती, काम कोणाच्या हाताखाली, हे निघण्याआधी ईमेलवर लिहून घे. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च विद्यावेतनातून भागत नसेल, तर अर्धे दिवस घरून काम करता येईल का, हे विचारायला लाजू नकोस. खान्देशातल्या बाजारात फिरून माहिती आणणं हे काम तर दोंडाईचात राहूनच चांगलं होतं, हे त्यांनाही पटेल.

नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी म्हणजे कामावरच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. तुझे हे दोन महिने त्यात धरता येतील का, ते महाविद्यालयात आधीच विचार आणि त्यांचा नमुना अर्ज एजन्सीकडून भरून घे. पदवीनंतरच्या वाटाही माहीत असू देत. २०२४ मध्ये केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू झाली. पहिलीत महिन्याला ५,००० रुपये आणि दुसरीत पदवीधरांना १०,००० रुपये असं विद्यावेतन जाहीर झालं होतं. सुरुवातीला दोन्ही पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्यांसाठी होत्या. चालू अटी त्यांच्या संकेतस्थळांवर पाहून घे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, मग विद्यावेतन मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. पहिल्या आठवड्यात तिच्या सदस्यांची नावं विचारून लिहून ठेव. असं विचारणं हा संशय नव्हे, तो नियम आहे.

आणि शेवटी, कामाची नोंद. कोणत्या कॅम्पेनमध्ये तू काय केलंस, हे दर शनिवारी चार ओळींत लिही. कंपनीची गुपितं त्यात नकोत, तुझं काम हवं. निघताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नुसतं 'इंटर्न' असण्यापेक्षा 'अहिराणी व मराठी मजकूर, ग्राहक मुलाखतींचं लेखन' असं असेल, तर पुढच्या मुलाखतीत ते तुझ्या वतीनं बोलेल.

जायच्या आधी काय तयारी करू?

इंग्रजीचा क्लास लावू नकोस; तेवढं इंग्रजी कामातून येईल. त्याऐवजी एक वही घे आणि गावात फीर. किराणा दुकानात तासभर उभी राहा. कोण काय नावानं मागतं, ब्रँडच्या नावानं की रंगानं, पुडी किती रुपयांची घेतं, उधारीवर घेतं की रोख, ते लिही. मिरची घेणाऱ्या बाईला विचार, वर्षाचं तिखट घरी कांडते की पाकीट आणते, आणि पाकीट कधीपासून आणायला लागली. सुरतेत राहणाऱ्या एखाद्या मावशीला फोन करून विचार, ती जाहिराती कोणत्या भाषेत पाहते आणि कोणती लक्षात राहिली. तुला ज्या घरांतलं काही ठाऊक नाही, अशा एखाद्या ओळखीच्या घरी जा. भिल्ल, मुस्लीम, गुजर, मारवाडी, कुणीही. चहा घे, ऐक, आणि काय माहीत नव्हतं तेवढंच लिही. नाव-गाव लिहायच्या आधी परवानगी घे, आणि नको म्हणाले तर लिहू नकोस.

वडिलांनाही एक संध्याकाळ माग. आडतीवर शेतकरी, व्यापारी, हमाल आणि परराज्यातला खरेदीदार यांच्याशी ते दिवसभर बोलतात. कुणाशी भाव कसा काढायचा, कुणाला आधी चहा सांगायचा, कुणाशी थेट आकड्यावर यायचं, हे त्यांना बसल्या जागी कळतं. त्यांच्या त्या कौशल्याला पुण्यातली एजन्सी इंग्रजी नाव देईल आणि त्यासाठी कंपन्यांकडून पैसे घेईल. ते वडिलांकडून ऐकून घे, उदाहरणांसह लिहून काढ. पुण्यात पहिल्या बैठकीत तुला ओळख करून द्यायला सांगतील. तेव्हा भाषा सांगताना अहिराणीपासून सुरुवात कर.